'हे घर आपलेच' : सौजन्य की असत्य?

तेहरानमधील एखाद्या घरी भावी जावई म्हणून प्रथमच जाणाऱ्या परदेशी तरुणाची कल्पना करा. फुले व मिठाई त्याने आणली आहे, पादत्राणे दाराशी काढली आहेत. चहा येतो, फळांचे तबक येते, त्यात काकड्याही असतात. तो 'नको' म्हणतो, यजमानीण आग्रह करते. तो पुन्हा नाकारतो आणि तिसऱ्यांदा स्वीकारतो. आपल्याकडील पंगतीतल्या आग्रहाची सवय असलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. या रीतीला फारसीत 'तआरोफ' म्हणतात. आपल्या 'तारीफ' या शब्दाचा अरबी धातूही तोच : ओळखणे, जाणणे.

परंतु ही रीत ताटापुरती थांबत नाही. दुकानदारही किंमत विचारताच 'आपल्यापुढे त्याचे काय मोल!' म्हणतो, आणि पैसे घेतो. मग हे असत्य नव्हे काय?

असत्याच्या बाबतीत अत्यंत कठोर असलेल्या संत ऑगस्टीन यांनीही फसविण्याचा हेतू हाच असत्याचा गाभा मानला. विनोदाला त्यांनी त्यातून वगळले. उत्पत्तीच्या २३ व्या अध्यायात आब्राहाम सारेच्या दफनासाठी जागा मागतो. एफ्रोन आधी शेत देऊनच टाकतो. मग सहज सुचवितो की, जमीन ४०० शेकेल रुप्याची, पण आपल्या दोघांत तिचे काय एवढे! आब्राहाम निमूटपणे ४०० शेकेल तोलून देतो. कोणीच फसत नाही, कारण दोघांनाही रीत ठाऊक आहे.

आपल्या तरुणाला ती ठाऊक नाही. 'हे घर आपलेच' हे शब्द ऐकून त्याला वाटते, आपला स्वीकार झाला. उलट, पोट भरल्यावरचे त्याचे खरे 'नको' त्या घरी संकोच ठरते. कोणी खोटे बोलले नाही, तरी एकाची फसगत झाली! त्या मातेने रोखठोक बोलावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते; ते तिला पाहुण्याचा अपमान करायला सांगण्यासारखे आहे. भार येतो तो दोन्ही भाषा जाणणाऱ्या मुलीवर. ताटावर नेत्रसंकेत पुरेल. पण निघताना 'तुझ्या वडिलांना मी खरोखर पसंत आहे का?' असे त्याने विचारले, तर तिथे तआरोफ चालणार नाही, उत्तर कितीही कटू असो.

त्या समाजालाही ही सीमा ठाऊक आहे. इराणी विवाहविधीत वधूची संमती तीनदा विचारतात. पहिल्या दोन वेळी ती गप्प राहते. 'वधू फुले वेचायला गेली', 'गुलाबपाणी आणायला गेली', असे भोवतालच्या स्त्रिया सांगतात आणि सारे हसतात. तिसऱ्या वेळी ती मातापित्यांच्या अनुमतीने 'बले', म्हणजे 'होय', म्हणते.