लेखनिकाचा फलत्याग

वर्गात शिकलेले लेखन विद्यार्थ्याने समाजाच्या उपयोगी पाडावे आणि त्या उपयोगातूनच त्याचे लेखन घडत जावे, या अध्यापनपद्धतीला सेवाधिष्ठित शिक्षण म्हटले जाते. अमेरिकेतील विद्यापीठांच्या लेखन-अभ्यासक्रमांत ती गेल्या शतकाच्या अखेरीस रुजली आणि थॉमस डीन्स यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात समाजासाठी, समाजाविषयी व समाजाबरोबर असे तिचे तीन प्रकार मांडले. भारतात गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने महाविद्यालयीन सेवेची वाट घालून दिली, मात्र तिचा भर श्रमदानावर आणि शिबिरांवर राहिला. नव्या शैक्षणिक धोरणानुसार समाजसहभागाच्या प्रकल्पांना श्रेयांक, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासाचे एकक, मिळू लागल्यापासून एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला आहे: जिचे माप गुणांत होते, ती सेवा राहते काय?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील लोकसंग्रहाची, म्हणजे लोकजीवन सावरून धरण्यासाठी करावयाच्या कर्माची, कल्पना पुढे करून या प्रश्नाला अनेकदा नकारार्थी उत्तर दिले जाते. ते घाईचे आहे. फलत्याग म्हणजे फळ न मिळणे नव्हे, तर फळावरची आसक्ती सोडणे होय. तहसील कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस पैसे घेतो आणि तरीही एखाद्याचे गाऱ्हाणे मन लावून लिहू शकतो. मग श्रेयांकानेच विद्यार्थ्याची सेवा बाटते असे मानण्याचे कारण नाही. लेखनसेवेत सोडायचे फळ वेगळे आहे आणि ते सुटायला गुणांहून अवघड आहे, कारण ते म्हणजे दुसऱ्याच्या शब्दांवरचा लिहिणाऱ्याचा ताबा.

खानदेशाला या त्यागाची ओळख आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली, ती अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या, इतकी स्वतंत्र आणि ओळखू येणारी शैली असलेल्या या लेखकाच्या हातून उतरलेल्या त्या पुस्तकात आवाज ऐकू येतो तो विनोबांचाच. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरच्या माणसांनी टिपून ठेवल्या आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, त्या पुस्तकरूपाने आल्या तेव्हा त्यांचा बोलीचा बाज शाबूत होता. खानदेशातल्याच चोपडा या तालुक्याच्या गावची महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याला २०१८ पासून याच निरक्षर कवयित्रीचे नाव आहे, म्हणून दुसऱ्याचे बोलणे कसे लिहावे हा प्रश्न त्या विद्यापीठाला परका मानता येत नाही.

चोपडा तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आहे आणि त्याच्या पायथ्याशी व डोंगरात पावरा, बारेला, भिल्ल, तडवी यांच्या वस्त्या आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसत असलेल्या आदिवासी कुटुंबाला हक्काचा दावा करता येतो आणि त्या कायद्याच्या नियमांनी दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले जबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरले आहेत. बोललेल्या शब्दाला कागदावर आल्याखेरीज जिथे मोल नाही असे हे काम आहे, आणि लेखनाचा विद्यार्थी येथे खरोखर उपयोगी पडू शकतो. एखादे आजोबा सांगतात की बहात्तरच्या दुष्काळानंतर त्यांच्या शेजाऱ्याने नाल्यापासून मोहाच्या झाडापर्यंतचे रान साफ केले आणि दगडांचा बांध घातला. प्रमाणभाषेत मुरलेला विद्यार्थी त्याचे ‘सदर क्षेत्र सन १९७३ पासून दावेदाराच्या ताब्यात आहे’ असे करून टाकतो. वाक्य कचेरीत शोभणारे झाले, पण त्यातून बांध गळाला, आणि जमिनीवर केलेली अशी कामे हादेखील नियमांनी मान्य केलेला पुरावा आहे. शिवाय आजोबांनी न सांगितलेले साल त्यांच्या तोंडी घातले गेले. नीटनेटके लिहिण्याचा मोह येथे नैतिक चूक ठरतो, आणि ती चूक सांगणाऱ्याला बाधते, लिहिणाऱ्याला नाही. म्हणून अंगठा उमटण्याआधी जबाब सांगणाऱ्याच्या बोलीत वाचून दाखवणे आणि तो म्हणेल तिथे खोडणे, हे या सेवेचे मर्म मानले पाहिजे.

येथे सेवा या कल्पनेचीच एक अडचण समोर येते. सेवक आणि सेव्य यांच्यात अंतर असते असे ती गृहीत धरते. परंतु पाड्यावरून चोपड्याला शिकायला आलेला विद्यार्थी आपल्याच आजोबांच्या पिढीचा जबाब लिहीत असेल, तर त्याच्या कर्माला सेवेपेक्षा ऋण फेडण्याचे नाव अधिक शोभते. आपल्या परंपरेने ऋषिऋण आणि पितृऋण वेगळी मोजली; येथे विद्येचे ऋण फेडण्याची जागा पितरांच्या अंगणातच सापडते. पावरी बोली न समजणाऱ्या सहाध्यायाला तो दुभाषा लागतो, आणि तेव्हा शिकवणारा कोण व शिकणारा कोण, हे वर्गातल्या बाकांवरून ठरत नाही.

मूल्यमापनाचा प्रश्न मग व्यवहाराच्या पातळीवर सुटू शकतो. गुण द्यायचे ते पहिल्या मसुद्यात वाचून दाखवल्यानंतर झालेल्या दुरुस्त्यांना आणि त्या का झाल्या याच्या विद्यार्थ्याने केलेल्या टिपणाला द्यावेत, कारण तेवढेच लेखन त्याचे आहे. जबाबाची मूळ प्रत दाव्यासोबत ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे जावी, एक प्रत सांगणाऱ्याकडे राहावी, आणि महाविद्यालयाच्या अहवालात तो मजकूर त्याच्या संमतीशिवाय छापला जाऊ नये.