न पिणाऱ्यांची मोजणी

माझी सगळी नोकरी अकोल्यात संख्याशास्त्र शिकवण्यात गेली, आणि घर माळकऱ्यांचं. म्हणून दारूवरची आकडेमोड मला धर्मचर्चेइतकीच जवळची वाटते.

‘थोडी घेणारा न पिणाऱ्यापेक्षा जास्त जगतो’ असं कित्येक वर्षं छापून येत होतं. 2006 मध्ये के फिलमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं चाललेले असे 54 अभ्यास एकत्र करून तपासले. बहुतेकांत तब्येत ढासळल्यावर दारू सोडलेली किंवा अगदी कमी केलेली माणसंही ‘न पिणाऱ्यां’तच धरली होती. ही भेसळ नसलेले अभ्यास जेमतेम सात निघाले, आणि त्यांत थोड्या दारूचा काही फायदा दिसेना.

हीच भेसळ आपण पुण्याच्या हिशेबात करतो. गळ्यात माळ दिसली की सगळे एका रांगेत! आमच्या भजनी मंडळातल्या खंजिरीवाल्यानं दारू सोडली, पण सकाळी अजून त्याची बोटं थरथरतात. बाजाराच्या दिवशी देशीचं दुकान टाळायला तो नाल्याकडून लांबचा फेरा मारून घरी जातो. मी कधी प्यालो नाही, कारण मला कधी इच्छाच झाली नाही. माझ्या जन्मभराच्या न पिण्यापेक्षा त्याचा एक बाजाराचा दिवस मला मोठा वाटतो.

शेंडगावच्या डेबूचे वडील दारूपायी गेले. आईनं त्याला दापुऱ्याला मामाकडे नेलं. दारुड्या बापाच्या मुलाला व्यसनाचा धोका जास्त, असं अभ्यास सांगतात. पुढे याच डेबूनं मुलीच्या बारशाला जातीचा रिवाज मोडला, पंगतीत दारू-मटण येऊ दिलं नाही. तेच आपले गाडगेबाबा. मग आकडे खोटे ठरले का? मुळीच नाही. सरासरी माणसावरचं ओझं दाखवते, त्याचं प्रारब्ध लिहीत नाही. आणि ते ओझं ठाऊक नसेल तर त्याच्या निश्चयाचं मोल आपल्याला कसं कळणार?

पौषात ऋणमोचनच्या यात्रेत कीर्तनाला उभे राहणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. व्यसनमुक्तीचा नारळ द्यायचा तर दारू सोडलेल्याला आधी द्या, आणि तो पुन्हा घसरला तर त्याच्या गळ्यातली माळ काढून घेऊ नका.