व्यापारविद्येचा अध्यापक

ज्याने उभ्या आयुष्यात पेढीच्या गल्ल्याला कधी हात लावला नाही, त्याने व्यापार शिकवावा काय? हा प्रश्न व्यापारी माणूस हसत हसत विचारतो. पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याला पोहता येत नाही त्याने पोहणे शिकवू नये, हे शेंबडे पोरही सांगेल. मग वाणिज्य किंवा व्यवस्थापन ह्या विषयात चार-पाच वर्षे खपून डॉक्टरेट मिळविणारा व पुढे जन्मभर प्राध्यापकी करू इच्छिणारा तरुण कोणत्या अधिकाराने वर्गात उभा राहणार? घरची वडील मंडळी हीच शंका निराळ्या शब्दांत बोलून दाखवितात. बरोबरीचे स्नेही कंपन्यांत भारी पगारावर रुजू झालेले असतात. हा मात्र तिशी जवळ आली तरी शिष्यवृत्तीवर दिवस काढीत असतो.

ही विद्या विद्यापीठांत आली तीच मुळी व्यवहाराचे बोट धरून. अमेरिकेत जोसेफ व्हार्टन ह्या कारखानदाराच्या देणगीतून १८८१ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अशी पहिली शाळा निघाली. हार्वर्डची १९०८ मध्ये, आणि मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ मध्ये. पुढे १९५९ साली फोर्ड व कार्नेगी ह्या दोन संस्थांच्या साहाय्याने तयार झालेल्या अहवालांनी अमेरिकेतील ह्या शाळांवर कडक टीका केली. त्यांतील शिक्षण उथळ आहे, त्याला शास्त्राचे अधिष्ठान नाही, असा तिचा रोख होता. तेव्हापासून संशोधन हा प्राध्यापकाचा मुख्य धर्म मानला जाऊ लागला. आपल्याकडे कलकत्ता व अहमदाबाद येथील व्यवस्थापन संस्था १९६१ साली स्थापन झाल्या. त्यांना पदवी देण्याचा अधिकार नसल्यामुळे तेथे प्रबंध पुरा करणाऱ्याला अनेक वर्षे केवळ 'फेलो' म्हणवून घेता येत असे. तो अधिकार २०१७ च्या कायद्याने मिळाला.

ह्या बदलाने एक दोष गेला व दुसरा आला, हे मान्य केले पाहिजे. एका प्राध्यापकाने लिहावे आणि दुसऱ्या प्राध्यापकाने वाचावे, पेढीवरच्या माणसाला त्याचा गंधही नसावा, असे लेखन पुष्कळ होते. तरीही मूळ आक्षेप त्यामुळे खरा ठरत नाही. पोहणे शिकविणारा पोहणाराच हवा. परंतु नदीचा पूर मोजणारा पट्टीचा पोहणारा असावा लागत नाही. यशस्वी व्यापारी आपल्या यशाचे रहस्य प्रामाणिकपणे सांगेल. पण त्याच मार्गाने गेलेल्या ज्या दहा जणांची दुकाने बंद पडली, ते सांगावयास येत नाहीत. ती बंद दुकाने शोधून मोजणे, आणि आपला आवडता तर्क त्या मोजणीत टिकला नाही तर तो सोडून देणे, हेच संशोधकाचे काम होय. डॉक्टरेटची वर्षे ही सवय अंगी बाणविण्यासाठी असतात. अनुभवाला जे दिसत नाही, ते पाहण्याचा हा अभ्यास आहे.

ह्याचे एक ठळक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. डॉ. आंबेडकर १९१८ ते १९२० ह्या काळात सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. नंतर लंडनला जाऊन त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. परीक्षकांनी तो प्रथम सुधारणेसाठी परत केला. अखेर १९२३ साली त्यांना पदवी मिळाली व त्याच वर्षी ग्रंथ प्रसिद्ध झाला. सरकारने चालविलेली सुवर्णविनिमयाची पद्धती आणि तिचे समर्थन करणारे केन्ससारखे पंडित ह्यांच्याविरुद्ध त्यांनी मत मांडले. पुढे हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. नाणेपद्धतीवर बोलण्याचा त्यांचा अधिकार किती रुपये हाताळले ह्यावर अवलंबून नव्हता. पुरावा जिकडे नेईल तिकडे जाण्याची तयारी हे त्या अधिकाराचे मूळ होते.

म्हणजे ह्या अध्यापकाचे खरे भांडवल निःस्पृहता हे आहे, आणि धोका आहे तोही तेथेच. व्यापाराची परीक्षा करणाऱ्याच्या अभ्यासिकेतच व्यापार शिरू शकतो. निबंधांच्या संख्येवर बढती ठरू लागली की निबंध हाच माल होतो, आणि पैसे घेऊन तो छापणारी नियतकालिकेही निघतात. ज्या कंपनीच्या कारभाराचे मूल्यमापन करावयाचे, तिच्याकडूनच सल्लागार म्हणून मानधन घेण्याचा मोह पडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या नियमांत विद्यापीठातील साहाय्यक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. आवश्यक ठरविली, तिची तारीख पुढे ढकलली व २०२३ साली ती अट मागे घेतली. नोकरीचा परवाना म्हणून प्रबंध लिहिण्याचे कारण त्यामुळे काही अंशी तरी कमी झाले, हे ठीकच झाले.

तेव्हा घरच्या मंडळींनी मुलाला पगाराचा प्रश्न अवश्य विचारावा. संसार हवेवर चालत नाही. परंतु आणखी एक प्रश्न विचारावा. ज्या पेढीने विश्वासाने आपल्या वह्या दाखविल्या, तिला न रुचणारा निष्कर्ष निघाला, तर विश्वासाचा भंग न करता तो प्रसिद्ध करण्याची तुझी तयारी आहे काय? ती असेल तर चार-पाच वर्षांचा तोटा त्याने खुशाल सोसावा, आणि घरानेही सोसावा. नसेल तर त्याने सरळ व्यापार करावा. व्यापारात नफ्याची इच्छा धरण्यात काही गैर नाही. अध्यापकाच्या आसनावर बसून ती धरली, तर फसतो तो विद्यार्थी.