विडंबनाचे अंतर आणि सहगानाची जबाबदारी

मराठी समीक्षेत विडंबनाचा विचार प्रामुख्याने लिखित संहितेच्या आधारे झालेला आहे. केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले'संबंधी लिहिताना आपण असे गृहीत धरतो, की मूळ कविता वाचकाच्या स्मरणात आहे, विडंबनकविता त्याच्यासमोर आहे आणि या दोहोंमधील अंतर ओळखूनच तो हसतो. लिंडा हचन यांनी 'अ थिअरी ऑफ पॅरडी' (१९८५) या ग्रंथात विडंबनाला चिकित्सक अंतर राखून केलेली पुनरावृत्ती मानले, तेव्हा त्यांनीही 'अंतर' हीच संकल्पना मध्यवर्ती ठेवली. परंतु हे अंतर नेमके कोण राखतो, ते किती काळ टिकते आणि ते मिटले तर हसणाऱ्याचे नैतिक स्थान कोणते, हे प्रश्न त्यामानाने उपेक्षित राहिले आहेत. वाचक एकटा असतो आणि बहुधा मूकपणे वाचत असतो, हे या उपेक्षेचे एक कारण असावे. विडंबन सभागृहात, हजारोंच्या उपस्थितीत आणि संगीताच्या माध्यमातून घडते, तेव्हा हे प्रश्न टाळता येत नाहीत. 'द रिटर्न ऑफ स्पायनल टॅप' (१९९२) या मैफलपटाच्या निमित्ताने त्यांचा विचार करण्याचा येथे प्रयत्न आहे.

स्पायनल टॅप हा हेवी मेटल प्रकारातील एक काल्पनिक इंग्रजी बँड. मायकेल मॅकीन, ख्रिस्तोफर गेस्ट आणि हॅरी शिअरर हे तीन नट अनुक्रमे डेव्हिड सेंट हबिन्स, नायजेल टफनेल आणि डेरेक स्मॉल्स या नावांनी त्यात वावरतात. १९७९ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवरील एका विनोदी कार्यक्रमातून हा बँड पुढे आला आणि रॉब रायनर दिग्दर्शित 'धिस इज स्पायनल टॅप' (१९८४) या चित्रपटामुळे तो सर्वतोमुखी झाला. हा चित्रपट माहितीपटाचे सोंग घेतो. अठरा फुटांचे स्टोनहेंज रंगमंचावर उभारायचे असते. फुटांच्या जागी इंचांची खूण पडल्याने अठरा इंचांचे प्रत्यक्षात येते, आणि त्याच्यापुढे बँडचे भारदस्त गांभीर्य उघडे पडते. भरताने शृंगाराच्या अनुकृतीतून हास्याची उत्पत्ती सांगितली. अभिनवगुप्ताने ही उपपत्ती व्यापक करून कोणत्याही रसाच्या आभासातून, अनौचित्यामुळे, हास्य संभवते असे मानले. हेवी मेटलच्या रंगमंचावर वीर आणि भयानक यांचे जे आवाहन असते, त्याचा आभास म्हणून स्टोनहेंजच्या या प्रसंगाकडे पाहता येते.

१९८४च्या चित्रपटातील हसणे तुलनेने निर्धोक आहे, कारण अंतर राखण्याचे काम तेथे चित्रपटाची रचनाच करते. मार्टी डी बर्गी हा काल्पनिक मुलाखतकार (ही भूमिका रायनर यांनीच केली आहे) प्रश्न विचारतो आणि बँडचे सदस्य स्वतःच्या उत्तरांनी स्वतःला उघडे पाडत जातात. विशेष महत्त्वाची गोष्ट अशी, की या संहितेच्या आतच एक आक्षेप नोंदवलेला आहे. 'स्मेल द ग्लव्ह' या ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन स्त्रीला हीन लेखणारे आहे, असे ध्वनिमुद्रिका कंपनीची प्रतिनिधी बॉबी फ्लेकमन बजावते. नायजेलला मात्र 'स्त्रीद्वेष्टे' आणि 'मादक' या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांतला फरकच कळत नाही. आपण त्याच्या या अज्ञानाला हसतो, आणि हसताना आपण बॉबीच्या बाजूला उभे असतो.

आठ वर्षांनी, १९९२ मध्ये, हाच बँड लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये उभा राहिला. १८७१ मध्ये खुले झालेले आणि पाच हजारांहून अधिक श्रोत्यांना सामावून घेणारे हे सभागृह म्हणजे व्हिक्टोरियन भव्यतेचे एक प्रतीकच. 'द रिटर्न ऑफ स्पायनल टॅप' हा या मैफलीचा चित्रपट. मुलाखतींचे आणि गतस्मृतींचे विनोदी तुकडे यातही आहेत. पण त्याचा गाभा प्रत्यक्ष वादनाचा आहे. १९८४च्या कथेतील बँडची लोकप्रियता ओसरत चाललेली होती. येथे खऱ्या सभागृहात खरे श्रोते आहेत आणि त्यांचा जल्लोषही खरा आहे. अपयशाचे विडंबन करता करता बँड यशस्वी झाला, एवढ्यावर ही विसंगती संपत नाही. नटाने रंगमंचावर वठवलेला मृत्यू हा मृत्यू नसतो. मात्र नटाने वाजवलेला षड्ज हा षड्जच असतो. डेव्हिड सेंट हबिन्स खोटा आहे, त्याचा टोप खोटा आहे, त्याचे उच्चारही उसने आहेत. पण त्याच्या गिटारमधून निघणारा स्वर खोटा असू शकत नाही. हे तिघे ही गाणी स्वतः रचतात आणि स्वतः वाजवतात. शब्दांपुरते अवतरणचिन्ह कल्पिता येते. तालाला अवतरणचिन्ह घालता येत नाही.

याचा प्रत्यय मला वर्गात आला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना विडंबन ही संकल्पना शिकवताना मी १९८४च्या चित्रपटातील काही भाग आणि पाठोपाठ हा मैफलपट दाखवला. पहिल्या वेळी वर्ग मनमोकळा हसला. दुसऱ्या वेळी 'बिग बॉटम' हे गाणे लागले. स्त्रीच्या नितंबांवरचे हे अत्यंत ओंगळ गाणे आहे. त्याचा ओंगळपणा हेच त्याचे प्रयोजन आहे, आणि ते वाजवताना तिघेही बास गिटार हाती घेतात, हा त्यातला सांगीतिक विनोद. तीन बास गिटारींचा तो जड, ठाम ठेका सुरू झाला तसा वर्ग बाकांवर बोटांनी ताल धरू लागला. स्त्रीवादी समीक्षेची अभ्यासपत्रिका शिकवणाऱ्या मीही पायाने ठेका धरला होता. तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, आपण त्यांना हसत होतो की त्यांच्याबरोबर गात होतो?" त्या दिवशी मी तिला हचन यांची व्याख्या पुन्हा सांगितली. ते उत्तर नव्हते, हे तिलाही कळले असावे.

या प्रश्नावर एक बचाव सहज सुचतो. श्रोत्यांना सर्व ठाऊक असते. हे गाणे स्त्रीविषयी नसून स्त्रीविषयी अशी गाणी करणाऱ्या पुरुषांविषयी आहे, हे त्यांनी ओळखलेले असते. हा बचाव अगदीच निराधार नाही. पण 'ठाऊक असणे' ही एकदा मिळवून कायमची राखून ठेवता येणारी गोष्ट नव्हे. हास्यासाठी भावनेला क्षणभर बधिर व्हावे लागते, असे बर्गसाँने आपल्या हास्यविषयक निबंधात (१९००) म्हटले आहे. गाण्यात रंगून जाण्याची मागणी नेमकी याच्या उलट असते. दोन्ही एकाच क्षणी पूर्णत्वाने साधत नाहीत. श्रोता त्यांच्यामध्ये हेलकावत राहतो, आणि ठेका जितका चांगला तितका तो गाण्याकडे अधिक झुकतो. विडंबनकार जितका कुशल तितके त्याचे विडंबन दुर्बळ होण्याचा धोका मोठा, अशी ही अडचण आहे. बॉबी फ्लेकमनचा आक्षेप येथे सोबतीला नाही. गाणे चालू असताना तो आठवण्याचे काम श्रोत्यावर पडते.

विडंबित आणि विडंबक यांच्यातले अंतरही असेच मिटत गेले. १९८४च्या चित्रपटात 'स्मेल द ग्लव्ह'चे वेष्टन अखेरीस संपूर्ण काळे होते, आणि ती फजिती म्हणून दाखवली आहे. १९९१ मध्ये मेटॅलिका या खऱ्या बँडची ध्वनिमुद्रिका जवळजवळ काळ्या वेष्टनात आली आणि तिला अफाट यश मिळाले. पुढे ७ जुलै २००७ रोजी वेम्ब्ली येथील 'लाइव्ह अर्थ' कार्यक्रमात स्पायनल टॅपने 'बिग बॉटम' सादर केले, तेव्हा मेटॅलिकासह इतर बँडमधील बास गिटारवादक त्यांना साथ देण्यासाठी मंचावर आले. ज्यांची थट्टा करायची तेच साथीला उभे राहिले. हे दृश्य मोठे लोभस आहे, आणि त्यातली खिलाडूवृत्ती खोटी नाही. तथापि विडंबनाने ज्या समेटाला मान्यता दिली, त्या समेटात एक पक्ष उपस्थितच नव्हता. ज्यांच्या देहावर ते गाणे रचले आहे, त्यांची संमती या खेळात कोणीही मागितलेली नाही. थट्टा करणारे आणि थट्टेचा विषय झालेले पुरुष एकमेकांना क्षमा करून मोकळे झाले, एवढेच घडले.

यावरून अशी गाणी गाऊ नयेत, असा निष्कर्ष मला काढायचा नाही. तसे केल्यास विडंबनाचा प्रांतच आपण निषिद्ध ठरवू, आणि ज्या वृत्तीचे वाभाडे काढायचे तिला अभय देऊ. माझे म्हणणे मर्यादित आहे. टोप हे विडंबनकाराचे नैतिक साधन आहे. तो घातल्यामुळे उच्चारलेले वाक्य दुसऱ्याच्या नावे जमा होते. मॅकीन गात नाही, सेंट हबिन्स गातो. ही सोय श्रोत्याला मात्र उपलब्ध नाही. तो स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कंठाने गातो. म्हणून विडंबनात जे अंतर रचनेने राखायचे असते, ते मैफलीत श्रोत्याला स्वतःच राखावे लागते.

या तिघांना याची काही जाणीव असावी, असे मानायला एक आधार आहे. २००९ मध्ये त्यांनी 'अनविग्ड अँड अनप्लग्ड' या नावाचा दौरा केला. त्यात टोप नव्हते, भडक पोशाख नव्हते. तीन प्रौढ नट आपापल्या खऱ्या नावांनी तीच गाणी गात होते. टोप उतरवल्यावर गाण्याचा मालक कोण, हा प्रश्न लपवायला जागा उरत नाही. त्या दौऱ्यात गायक श्रोत्यांच्या पातळीवर येऊन उभे राहिले, असे मला वाटते.

त्या विद्यार्थिनीला आता उत्तर द्यायचे तर मी म्हणेन, की आपण दोन्ही करत होतो. आणि गात होतो हे कबूल केल्याशिवाय हसत होतो असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. पुढच्या वर्षी हा मैफलपट मी पुन्हा वर्गात दाखवणार आहे. त्या वेळी व्याख्या आधी सांगणार नाही.