न सोडता येणारा उपवास

इटलीतल्या सिएना गावची कॅथरीन १३८० साली रोममध्ये वारली, तेव्हा ती अवघी ३३ वर्षांची होती. तिने प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली होती, राजकारण्यांना आणि धर्मगुरूंना शेकडो पत्रं लिहिली होती, आव्हिन्योंला बसलेल्या अकराव्या ग्रेगरी पोपला ‘रोमला परत या’ असं तोंडावर सांगितलं होतं. शेवटची कित्येक वर्षं मात्र ती जवळजवळ काहीच खात नव्हती. खाल्लेलं पोटात ठरत नसे. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला तिने काही काळ पाणीही वर्ज्य केलं आणि एप्रिलअखेर ती गेली. १४६१ मध्ये चर्चने तिला संतपद दिलं. १९८५ मध्ये रुडॉल्फ बेल या इतिहासकाराने तिची आणि तिच्यासारख्या अनेक इटालियन साध्वींची चरित्रं एकत्र तपासली आणि त्यांच्या उपासाला, स्वतःला उपाशी ठेवत जाण्याच्या मानसिक आजाराच्या नावावरून, ‘पवित्र अ‍ॅनोरेक्सिया’ म्हटलं. तेव्हापासून वाद चालू आहे: हे तप होतं की आजार? हा वाद फक्त युरोपच्या इतिहासापुरता नाही. जिथे हरतालिका निर्जळी करणाऱ्या मुलीचं घरात कौतुक होतं आणि ‘आज माझा उपवास आहे’ म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही, तिथे या प्रश्नाचं उत्तर फार जवळच्या माणसांसाठी लागतं. मानसिक आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्या आजारांमध्ये अ‍ॅनोरेक्सिया मोडतो.

तप आणि आजार वेगळे करायचे दोन सोपे निकष सांगितले जातात आणि दोन्ही अपुरे पडतात. पहिला निकष प्रमाणाचा: किती कमी खाल्लं? पण जैन श्रावक आठ-आठ दिवसांची अठ्ठाई करून नंतर नेहमीसारखा जेवायला बसतो, आणि एखादी मुलगी रोज चार घास खाऊनही मृत्यूच्या दारात पोचते. दुसरा निकष हेतूचा: देवासाठी उपाशी राहणं म्हणजे तप, बारीक होण्यासाठी उपाशी राहणं म्हणजे आजार. हा पटकन पटतो, पण आजाराचा इतिहासच तो खोडून काढतो. १८७३ साली लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या डॉक्टरांनी या आजाराची जी वर्णनं केली, त्यांत जाड होण्याची भीती केंद्रस्थानी नाहीच. पुढे हाँगकाँगमध्ये सिंग ली या मनोविकारतज्ज्ञालाही असे बरेच रुग्ण भेटले, ज्यांना लठ्ठपणाचं भय नव्हतं. पोट भरल्यासारखं वाटतं, भूकच लागत नाही, एवढंच ते सांगत. म्हणजे न खाण्याचं कारण माणूस आपल्या काळाकडून आणि समाजाकडून उचलतो. सिएनात ते ख्रिस्ताच्या यातनांमधून मिळालं, आज आरशातून मिळतं, आणि आपल्याकडे एखाद्या व्रतातूनही मिळू शकतं. फॅशनच्या मासिकांना सगळा दोष देऊन मोकळं होणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

माझ्या मते खरा निकष एकच आहे: उपवास सोडता येतो का? एकादशीच्या पोटातच द्वादशीचं पारणं असतं. शास्त्राने आजाऱ्याला, बाळाला, गर्भवतीला सूट दिली आहे, म्हणजे थांबण्याची तरतूद व्रताच्या रचनेतच आहे. हाडांचा सापळा झाल्यावर गौतमाने सुजातेची खीर घेतली. सोबतचे पाच तपस्वी ‘हा ढळला’ म्हणून सोडून गेले, तरी त्याने घेतली. कॅथरीनची साक्ष याच्या नेमकी उलट आहे, आणि ती तिची स्वतःचीच आहे. तिचं न खाणं ही सैतानाची फसवणूक असावी अशी शंका एका धार्मिक माणसाने घेतली, तेव्हा तिने उत्तर लिहिलं. मला इतरांसारखं खाता यावं म्हणून मी देवाची प्रार्थना करते, रोज एक-दोनदा खाण्याचा प्रयत्न करते, अशा आशयाचं ते पत्र आहे. तिच्या लेखी तो एक दुबळेपणा होता, पराक्रम नव्हता. तिच्या कबुलीगुरूंनी ‘खा’ म्हटल्यावरही तिला ते जमेना. जी बाई पोपला हलवू शकत होती, तिला स्वतःच्या ताटापुढे काही करता येत नव्हतं.

निश्चयाने सुरू झालेली गोष्ट हाताबाहेर कशी जाते? १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धाला तत्त्वतः नकार दिलेली ही विचारी मुलं होती. काही आठवड्यांतच त्यांचं अभ्यासातलं, मैत्रीतलं, प्रेमातलं लक्ष उडालं. ती पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली, ताटातल्या पदार्थांचे बारीक तुकडे करून तासन्‌तास चघळू लागली, चिडचिडी आणि एकटी झाली. त्यांना पुन्हा जेवण मिळू लागल्यावरही मन लगेच पूर्वपदावर आलं नाही. ज्याला आपण या आजाराचा स्वभाव समजतो, त्यातला बराचसा भाग उपासमारीनेच घडतो. संकल्प करणारं मन आणि काही महिन्यांनी त्या संकल्पात अडकलेलं मन ही एकसारखी राहत नाहीत. पण त्या तरुणांपुढे भरलेलं ताट आलं तेव्हा ते तुटून पडले. अ‍ॅनोरेक्सियाचा रुग्ण तसं करत नाही. म्हणून उपाशी राहणं ही एक बाजू झाली, दुसरी बाजू जन्मजात घडणीची आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचं दिसतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासात या आजाराशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या, आणि त्याचा संबंध मनाइतकाच शरीराच्या चयापचयाशीही दिसला. त्यात काळजी करणारा, सगळं अचूकच हवं असणारा स्वभाव असला, आणि घरात स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलायला जागा नसली, की ताट हीच मुलीच्या सत्तेतली एकमेव गोष्ट उरते. कॅथरीनची मोठी बहीण बोनाव्हेंतुरा १३६२ मध्ये बाळंतपणात गेली, त्याच सुमाराला घरच्यांनी कॅथरीनच्या लग्नाचा लकडा लावला होता. तिने केस कापून टाकले आणि अन्न आणखी कमी केलं.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप इतिहासकार कॅरोलिन वॉकर बायनम यांचा आहे. मध्ययुगीन स्त्रीच्या हाती पैसा नव्हता, पद नव्हतं. अन्न मात्र होतं. ते वाटून, नाकारून, ख्रिस्तप्रसाद म्हणून स्वीकारून तिने त्यातून अर्थ उभा केला. तिच्यावर आजचं निदान चिकटवणं म्हणजे तो अर्थ पुसून टाकणं. हे म्हणणं मला पटतं, पण अर्ध्यापर्यंतच. अर्थ खरा असला म्हणून शरीराचे नियम थांबत नाहीत. क्षयाने गेलेल्या कवीची कविता आपण क्षयाच्या खात्यावर टाकत नाही, पण त्याला क्षय नव्हताच असंही म्हणत नाही. कॅथरीनची पत्रं, तिची रुग्णसेवा, तिचं धैर्य हे तिच्या भुकेवर उभं नाही. तिला आजारी म्हटल्याने ती उणी होत नाही. भुकेमुळेच ती संत झाली असं म्हटलं तर मात्र होते, आणि तिच्यामागून येणाऱ्या मुलींसाठी ते घातकही ठरतं.

दुसरा आक्षेप असा की प्रत्येक व्रतस्थ माणूस ‘मला सोडता येत नाही’ असंच म्हणतो. गांधीजींनीही १९३२ मध्ये येरवड्यात तेच म्हटलं असतं. पण त्यांच्या उपोषणाला अट होती, आणि पुणे करार मान्य होताच ते सुटलं. (त्या उपोषणाने आंबेडकरांवर टाकलेला दबाव न्याय्य होता का, हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे.) आजाराला अशी अट नसते. ठरवलेलं वजन गाठलं की नवं ठरतं, एक उपवास संपला की दुसऱ्याचं निमित्त निघतं. ‘काय झालं म्हणजे तू जेवशील?’ या प्रश्नाचं उत्तर त्या माणसापाशी उरत नाही. जैन सल्लेखनेत, म्हणजे मरेपर्यंतच्या उपवासात, पारणं नसतं हे खरं. पण तिथे वय, असाध्य व्याधी, गुरूची अनुमती या पायऱ्या आहेत आणि धडधाकट वीस वर्षांच्या मुलीला ती अनुमती मिळत नाही. तरीही सल्लेखना माझ्या निकषात सहज बसत नाही हे मान्य करायला हवं. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, यातूनही तिचं अवघडपण दिसतं.

हा निकष मान्य केला तर वागणंही बदलावं लागतं. ‘एवढी कसली जिद्द, खा ना गुपचूप’ असं दरडावणं आणि ‘केवढा संयम!’ असं कौतुक करणं, दोन्हींत एकच चूक आहे: सूत्रं अजून त्या मुलीच्याच हाती आहेत असं धरलं जातं. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात किशोरवयीनांसाठी जी कुटुंबकेंद्री उपचारपद्धती आकाराला आली, ती हे गृहीतच सोडते. काय खायचं, किती खायचं हे काही काळ आईवडील ठरवतात, आणि प्रत्येक जेवणाला मुलीशेजारी बसतात. ही स्वातंत्र्यावरची जबरदस्ती नाही का, असं कुणी विचारेल. जे स्वातंत्र्य उपासमारीने आधीच हिरावून नेलं आहे, ते आईवडील कुठून हिरावणार? कॅथरीनच्या कबुलीगुरूंची आज्ञा आणि ही पद्धत यांत फरक आहे तो इथेच. आज्ञा देऊन ते बाजूला झाले. इथे माणसं शेजारी बसून राहतात, वजन सावरू लागलं की आधी एखादा खाऊ, मग एखादं जेवण असं करत निर्णय पुन्हा मुलीच्या हाती सोपवत जातात, आणि मग शाळा, मैत्रिणी, घरातले रुसवेफुगवे अशा इतर गोष्टी बोलायला घेतात.