धीराचा धागा

भिवंडी शहरांत यंत्रमागावर काम करणाऱ्यास एक गोष्ट प्रथम शिकावी लागते. ताण्याचा धागा तुटला म्हणजे माग थांबवावा, टोकें शोधावीं, गांठ मारावी, आणि मगच पुढें विणावें. जो घाईनें तसेंच चालूं देतो, त्याच्या कापडांत दोष राहतो. परंतु त्याच शहरांतील घरांत आम्ही पाहतों कीं, मूल रडूं लागलें म्हणजे त्याच्या हातीं मोबाईल दिला जातो, आणि रडें तत्काळ थांबतें. येथें धागा सांधला गेला काय?

इच्छा उठणें आणि ती पुरी होणें यांच्या मध्यें जो थोडा अवकाश असतो, त्यांतच मनुष्य विचार करावयास शिकतो. मोबाईलच्या पडद्यावर हा अवकाशच उरत नाहीं. कंटाळा येण्यापूर्वींच बोटानें चित्र बदलतें.

अमेरिकेंतील वीस ठिकाणच्या, ८ ते ११ वर्षें वयाच्या सुमारें साडेचार हजार मुलांविषयींचा अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. करमणुकीसाठीं दिवसांतून दोन तासांहून अधिक वेळ पडद्यापुढें न घालविणाऱ्या मुलांची आकलनशक्ति सरासरीनें बरी आढळली. पुढें असेंहि दिसून आलें कीं, जीं मुलें ही मर्यादा पाळून रात्रीं ९ ते ११ तास झोंप घेत, त्यांच्यांत उतावळेपणा कमी होता.

तथापि दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणजे एक दुसरीचें कारण ठरतेंच असें नाहीं. कदाचित् उतावळें मूलच पडद्याकडे अधिक ओढलें जात असेल. शिवाय जेथें बाप बारा तासांची पाळी करून येतो, घर एका खोलीचें, आणि बाहेर मालमोटारींची रहदारी, तेथें आईनें मुलास खेळावयास कोठें पाठवावें? तिला दोष देणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. हा भार तिच्या एकटीचा नसून सर्व शेजाराचा आहे.

सांगली जिल्ह्याच्या कडेगांव तालुक्यांतील मोहित्यांचे वडगांव या गांवानें हें ओळखलें. करोनाच्या काळांत शाळा मोबाईलवर भरली, आणि शाळा उघडल्यावरहि मुलांच्या हातून तो सुटेना. तेव्हां २०२२ च्या ऑगस्ट महिन्यांत गांवानें ठरविलें कीं, संध्याकाळीं ७ वाजतां मंदिरावरील भोंगा वाजतांच घरोघरीं मोबाईल व दूरचित्रवाणी बंद करावी, आणि ८॥ वाजतां दुसरा भोंगा होईपर्यंत तीं उघडूं नयेत. यांतील मर्म हें कीं, नियम केवळ मुलांसाठीं नव्हता. वडील माणसांनींहि तो आपणांस लावून घेतला.

वाचकहो, आम्ही स्वतः पडद्यावरून मान वर न करितां मुलास "अभ्यास कर" म्हणतों. असा उपदेश मुलाच्या कानीं पडतो, मनांत उतरत नाहीं. भोंगा नसला तरी आपल्या घरीं एक घटका ठरवितां येईल. पहिले कांहीं दिवस मूल रडेल, आणि आपलेंहि बोट चुळबुळेल. त्या वेळीं घाई करूं नये. माग थांबला आहे. गांठ मारावयाची वेळ तीच होय.