अप्रसिद्ध नौकांचे ऋण

आपले नाव मागे राहावे ही इच्छा मनुष्यमात्रास स्वाभाविक आहे. आणि नाव मागे राहिले नाही तरी कर्माचे मोल तिळमात्र कमी होत नाही, असे मनुष्यास पटविणे हे आमच्या तत्त्वज्ञानाचे एक जुने काम आहे. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आम्ही वर्गात अनेकदा मांडला असेल. परंतु तो प्रत्यक्ष आमच्याच पुढ्यात येऊन उभा राहिला तो अगदी अनपेक्षित दिशेने. ती हकीकत प्रथम सांगितल्यावाचून पुढील विवेचन वाचकांस नीट उमगणार नाही.

परभणीस आमच्या घरी एक विद्यार्थी अधूनमधून पुस्तके नेण्यास येत असतो. तो गंगाखेडकडचा, गोदाकाठचा. त्यास 'स्टार ट्रेक' या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेचे विलक्षण वेड आहे. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात आयुष्य घालविलेले. तेव्हा अशा करमणुकीकडे आम्ही किंचित तुच्छतेनेच पाहत होतो, हे कबूल केले पाहिजे. एके दिवशी तो म्हणाला, "सर, ह्यात आपली गंगा पण आहे." एका छोट्या अंतराळनौकेचे नाव 'गँजेस' असल्याचे त्याने सांगितले. आम्ही हसून म्हटले, "अरे, ती उत्तरेकडची गंगा." त्यावर तो म्हणाला, "सर, आमच्याकडं गोदेलाच गंगा म्हणतात. म्हणून तर गावाचं नाव गंगाखेड." या युक्तिवादास आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्याच्या आग्रहावरून आम्ही त्या मालिकेतील काही निवडक भाग पाहिले, आणि पाहता पाहता आमची तुच्छता कोठल्या कोठे नाहीशी झाली.

ही मालिका जीन रॉडेनबेरी यांनी निर्माण केली. ८ सप्टेंबर १९६६ रोजी तिचा पहिला भाग अमेरिकेत प्रसारित झाला. पुढे तिच्यातून अनेक मालिका आणि चित्रपट निघाले. त्या सर्वांत एक नाव जगाच्या मुखी आहे, ते म्हणजे 'एंटरप्राइज'. ज्याने मालिका पाहिली नाही त्यासही हे नाव ठाऊक असते. परंतु या कथाविश्वात शेकडो इतर नौका आहेत. त्या येतात, आपले काम करितात आणि निघून जातात. आमच्या मनात घर केले ते त्यांनीच.

पहिले उदाहरण त्या गंगेचेच घेऊ. १९९३ ते १९९९ या काळात चाललेल्या 'डीप स्पेस नाइन' या मालिकेत एका दूरस्थ अंतराळ-ठाण्यास काही लहान नौका दिलेल्या आहेत, आणि त्यांस पृथ्वीवरील नद्यांची नावे आहेत. आरंभीच्या तिघी म्हणजे 'गँजेस', 'रिओ ग्रँड' आणि 'यांगत्से-क्यांग'. दूत पोहोचविणे, जखमींस आणणे, हरवलेल्यांचा शोध घेणे असली त्यांची कामे. यांगत्से पहिल्याच वर्षी एका परक्या भूमीवर कोसळली. गंगा १९९४ साली प्रसारित झालेल्या एका भागात नष्ट झाली. रिओ ग्रँड तेवढी टिकली. मेलेल्या नौकेच्या जागी दुसऱ्या नदीचे नाव घेऊन दुसरी नौका येते आणि कथा पुढे चालू लागते. कोणी थांबत नाही.

नौकांस नद्यांची नावे देण्याची ही रीत आपणांसही परकी नाही. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या 'गोदावरी', 'गंगा' आणि 'गोमती' या तीन युद्धनौका अनुक्रमे १९८३, १९८५ व १९८८ साली भारतीय नौदलात दाखल झाल्या. त्यांपैकी 'गोदावरी' २०१५ साली, 'गंगा' २०१८ साली आणि 'गोमती' २०२२ साली सेवानिवृत्त झाली. बत्तीस वर्षे समुद्रावर राखण करून आमच्या नदीचे नाव धारण करणारी नौका ज्या दिवशी परतली, त्या दिवशी आमच्या जिल्ह्यातील गोदाकाठच्या किती घरांत तिची वार्ता पोहोचली असेल? आमच्या घरी तरी ती पोहोचली नव्हती.

दुसरे उदाहरण 'जेनोलन' या नौकेचे. हा भाग १९९२ सालचा. एका ताऱ्याभोवती कोणा प्रगत जातीने बांधलेला प्रचंड पोकळ गोल आहे. त्याच्या बाह्य कवचावर ही सामान्य वाहतूक-नौका आदळून पंचाहत्तर वर्षे पडलेली असते. जुन्या एंटरप्राइजवरचा स्कॉट नावाचा यंत्रज्ञ तिच्यातील यंत्रात युक्तीने स्वतःस जतन करून जिवंत राहिलेला असतो. नव्या युगातील नव्या एंटरप्राइजवर त्यास सर्वजण आदराने वागवितात खरे, परंतु त्याचा उपयोग कोणासच नसतो. पुढे ती भव्य नौका त्या गोलात ओढली जाऊन अडकते. तेव्हा स्कॉट आणि एक तरुण यंत्रज्ञ ती मोडकी जेनोलन कशीबशी चालती करितात आणि मिटू पाहणाऱ्या अजस्र दारांच्या मध्ये पाचरीसारखी घुसवितात. एंटरप्राइज त्या फटीतून सुटते. आणि सुटण्यासाठी तिला त्या पाचरीचाच चक्काचूर करावा लागतो. त्या दोघांस शेवटच्या क्षणी उचलून घेतले जाते. नौकेस कोण उचलणार?

तिसरे उदाहरण सर्वांत गहन आहे. १९९० साली प्रसारित झालेल्या एका भागात एंटरप्राइज याच नावाची एक पूर्वीची, फारशी परिचित नसलेली नौका येते. रेचेल गॅरेट ही तिची कप्तान. क्लिंगॉन नामक प्रतिस्पर्धी राष्ट्राच्या एका वसाहतीवर शत्रूचा हल्ला झाला असता ही नौका मदतीस धावते. त्या वसाहतीचे नाव 'नरेंद्र-तीन' असे आपल्या ओळखीचे आहे. युद्धाच्या धुमश्चक्रीत काळास एक भेग पडते आणि नौका बावीस वर्षे पुढे फेकली जाते. मदत अपुरी राहिल्यामुळे इतिहासच बदलतो: ज्यांच्याशी सख्य व्हावयाचे त्या क्लिंगॉनांशी दीर्घ महायुद्ध जुंपते आणि माणसांचा पक्ष पराभवाच्या काठावर येतो. एकच उपाय उरतो. या नौकेने परत जावे आणि परक्यांच्या रक्षणार्थ लढता लढता नष्ट व्हावे. गॅरेट ते मान्य करिते, परंतु निघण्यापूर्वीच एका चकमकीत ती मरण पावते. तिचा दुय्यम अधिकारी, सोबत आलेली ताशा यार ही स्त्री-अधिकारी आणि उरलेले खलाशी नौका परत नेतात. ती भेगेत शिरताच सारे पूर्ववत होते: युद्ध कधी झालेच नव्हते, सख्य नांदत आहे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. पूर्ववत झालेल्या त्या जगात नौकेचा पराक्रम अज्ञात राहत नाही. ती वसाहतीसाठी लढली आणि पडली, हे सर्वांस ठाऊक असते, किंबहुना त्यातूनच सख्य जन्मते. परंतु सुरक्षित भविष्यात पाऊल ठेवल्यावर ती पुन्हा मरणाकडे वळली, आणि तेही जाणूनबुजून, हे कोणासच कळत नाही. कृती दिसली, तिच्यामागची निवड दिसली नाही. आम्हांस वाटते, जगातील प्रत्येक सन्मानाचे असेच असते. आपण गौरव करितो तो दिसलेल्या कृतीचा. रात्री अंथरुणावर कूस बदलीत कोणी काय सोडले आणि काय पत्करले, हे मानपत्रात कधीही येत नाही. यावरून एक निष्पन्न होते की, पूर्ण सन्मान ही वस्तूच संभवत नाही. म्हणून जो सन्मानाच्या आशेवर काम करील त्याची फसगत ठरलेली. गीतेतील फलत्यागाचा उपदेश या अर्थी केवळ उदात्त नाही, तो व्यवहार्यही आहे.

परंतु याच ठिकाणी आमच्या शिष्ट समाजाने एक सोयीची चूक करून ठेविली आहे. निष्काम कर्माचा उपदेश हा करणाऱ्यास आहे. लाभ घेणाऱ्यास नव्हे. कर्त्याने फळाची अपेक्षा सोडावी, म्हणून घेणाऱ्याचे देणे फिटत नाही. आपण मात्र दुसऱ्याच्या निष्कामतेचा हवाला देऊन स्वतःची कृतघ्नता झाकीत असतो. "त्यांना कुठे नावाची हौस आहे?" हे वाक्य आपण ज्यांच्याविषयी उच्चारतो, त्यांस ती हौस आहे किंवा नाही हे बहुधा आपण कधी विचारलेलेच नसते.

शिवाय ज्यास नाव आहे त्यानेच नाव बाजूस ठेवावे, तर त्यास काही अर्थ. दिवंगत जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठविली. परीक्षकांनी नावाकडे पाहून नव्हे, कथेकडे पाहून निर्णय द्यावा हा हेतू. आणि पहिले पारितोषिक त्या अनोळखी जगतापांसच मिळाले. हे अनुकरणीय खरेच. परंतु नारळीकरांस आपले नाव पुन्हा धारण करिता आले. ज्यास आरंभीच नाव मिळाले नाही, तो काय सोडील आणि काय परत घेईल?

आमच्या गंगाखेडचेच पाहा. परंपरेने ते संत जनाबाईंचे जन्मस्थान. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी ही स्त्री आपल्या अभंगांतून स्वतःस नामदेवांची दासी म्हणविते, आणि आज गावाची कीर्ती तिच्यामुळे आहे. तिने नाव मागितले नाही. लोकांनी ते जपले. निष्कामता तिची, कृतज्ञता लोकांची. दोन्ही आपापल्या जागी शोभतात. परंतु त्याच काळी तशाच जात्यावर दळणाऱ्या इतर स्त्रिया किती असतील, आणि त्यांच्या पिठावर किती घरे पोसली असतील! सर्वांची नावे जपणे कोणत्याही समाजास शक्य नाही, हा आक्षेप खरा आहे. मग कर्तव्य ते कोणते?

त्याचे उत्तर आम्हांस त्या तिसऱ्या कथेच्या शेवटी सापडले. इतिहास पूर्ववत झाल्यावर गायनन नावाच्या एका स्त्रीस तेवढी अस्पष्ट जाणीव राहते की, काहीतरी घडून गेले आहे. ताशा यार या पूर्ववत जगात पूर्वीच निवर्तलेली असते, आणि गायननची व तिची कधी भेटही झालेली नसते. ती एका सोबत्याजवळ बसते आणि ताशाविषयी मला काही सांग, असे त्यास म्हणते. एवढेच. ती स्मारक उभारीत नाही, ती विचारते.

हा भाग पाहून झाल्यावर आम्हांस त्या रात्री झोप आली नाही. कारण सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात आम्ही ज्या ग्रंथालयात काम करीत होतो त्याचे छत गळून दोन कपाटे भिजली. तेथील शिपाई, ज्यांस सर्वजण मामा म्हणत, त्यांनी तीन दिवस घरी न जाता प्रत्येक पुस्तकाच्या पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घालून, पंख्याखाली ती पसरून वाळविली. त्यांतील काही ग्रंथांवाचून आमचा प्रबंध पुरा होता ना. पुढे तो पुस्तकरूपाने निघाला, सत्कार झाला. आम्ही गुरुजनांचे, सहकाऱ्यांचे, पत्नीचे आभार मानिले. मामा त्या सभागृहात खुर्च्या मांडीत होते. त्यांचे नाव आम्हांस आठवले नाही असे नव्हे. ते घेण्याचे ठिकाण हे आहे, असे वाटलेच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मामांच्या घरी गेलो. ते आता थकले आहेत. पुस्तकाची एक प्रत त्यांच्या हाती देऊन आम्ही म्हणालो, "मामा, तुम्ही ती पुस्तके वाळवली नसती तर हे झाले नसते. तेव्हा बोलायला हवे होते, राहून गेले." ते म्हणाले, "त्यात काय सर, पुस्तकं वाळली, झालं की." आम्हांस वाटले, हाच तो निष्काम पुरुष, आणि आमचे देणे आता फिटले. परंतु थोड्या वेळाने पुस्तकावरून हात फिरवीत तेच म्हणाले, "पण सर, एक विचारू का? येवढी पानं उलटली मी, सगळं इंग्रजी. त्यात होतं तरी काय, ते कधी कुणी सांगितलं नाही."

त्यांस नाव नको होते. ज्या कामासाठी त्यांनी तीन रात्री जागविल्या त्याचा अर्थ त्यांस हवा होता, आणि तो देण्यासारखे माणूस त्यांच्याजवळून रोज ये-जा करीत होते. आम्ही इतकी वर्षे वर्गात जे सांगत आलो, ते त्या दारापाशी सांगावे हे आम्हांस सुचले नव्हते. आम्ही विचारले नाही, म्हणून सुचले नाही.

मग आम्ही चटईवर बसलो आणि पहिल्या प्रकरणापासून, आमच्या साध्या परभणीच्या बोलीत, सांगू लागलो. मामा मधूनमधून प्रश्न विचारीत होते. त्यांतील दोन प्रश्नांची उत्तरे आम्हांस अद्यापि देता आलेली नाहीत. त्यांसाठी पुन्हा जावयाचे आहे.